एक, तीन, चार, दोन

तीन दिवस झाले, झिगुली अंगणात खोकतेय.
किल्ली फिरवली की स्टार्टर जोर लावतो,
इंजिन एकदा हुंकारतं,
कार्बोरेटरच्या तोंडातून फाट्कन जाळ थुंकतं
आणि गप्प.
कुंपणापलीकडून मिसाक म्हणतो, विकून टाक, न्वार्द.
अकरा वर्षं झाली, त्याचं हेच चाललंय.

ग्युमरीची थंडी. पाना बोटांना चिकटतो.
जर्दाळूच्या रिकाम्या खोक्यावर बसून
मी बाबांनी शिकवलं तशीच जाते:
आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग दाब.
अंदाज सगळ्यात शेवटी.

प्लग काढून लोखंडाला टेकवला:
निळी, करकरीत ठिणगी.
नळी बरणीत सोडली: पेट्रोल स्वच्छ.
भोकावर अंगठा दाबून सासुनला म्हटलं, फिरव.
आतल्या हवेनं अंगठा उडवून लावला.
चारही भोकांत तेच.
म्हणजे सगळं आहे
आणि गाडी नाही.

खिडकीत बाबा उभे, पडद्याची कड मुठीत.
बस डेपोत अडतीस वर्षं काढलेला माणूस.
आई बाजारातून आली का, असं सकाळपासून
तिसऱ्यांदा विचारून झालंय.
आईला जाऊन सहा हिवाळे झाले.

मग डिस्ट्रिब्यूटरकडे वळले.
टोपणावर काजळी,
काजळीत बोटांचे ताजे ठसे,
अंगठा रुंद.
आणि तारा ओळीनं लावलेल्या:
एक, दोन, तीन, चार.
पहिलीतल्या पोरानं मोजाव्यात तशा.

पाढ्यांच्या आधी मला हे पाठ होतं:
एक, तीन, चार, दोन.
माझ्या बुटांच्या नाड्या बांधताना ते म्हणायचे,
दूध ऊतू जाऊ नये म्हणून राखण करताना म्हणायचे.

परवा रात्री दार वाजलं होतं.
मला वाटलं, वारा.
दुसऱ्या दिवशी मला लांब जायचं होतं,
म्हणून सपाता घालून ते बर्फात गेले असणार,
गाडी एकदा बघून ठेवायला.

बॉनेटच्या आडोशाला मी तारा बदलल्या.
पहिली होती तिथेच राहू दिली,
तेवढी त्यांची बरोबर होती.

सासुननं किल्ली फिरवली.
धूर, थरथर, आणि लागली.
मिसाकचा कुत्रा भुंकत सुटला.
बाबा बाहेर आले, पायजम्यावर कोट,
पायांत दोन वेगळे बूट.

कार्बोरेटर होता ना?
हो बाबा, कार्बोरेटर.

त्यांनी मडगार्डवर तळहात ठेवला, डोळे मिटले.
बराच वेळ उभे राहिले.
तिसरा मधेच चुकतोय, म्हणाले.

मी कान दिला. मला काहीच ऐकू येईना.
इंजिन बंद करून बघितलं:
तीन नंबरची तार
अर्धीच बसली होती. माझ्याच हातून.