रकाना : इतर

सात दिवस, सात रात्री.
बोरखडी फाट्यावर, इलाहीमामूच्या पंक्चरच्या टपरीला लागून
प्लास्टिकची एक खुर्ची, एक पॅड, दोरीला बांधलेला पेन
आणि मी, डिप्लोमाचे दोन विषय राहिलेला.
रोजी साडेचारशे, चहा आपला आपण.

रस्ता रुंद करायचा तर आधी मोजावा लागतो.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पाच.
मोटारसायकल. जीप. एसटी.
ट्रक, दोन आसांचा, तीन आसांचा.
ट्रॅक्टर, ट्रॉलीसह, ट्रॉलीविना.
बैलगाडी. सायकल.
आणि कागद संपता संपता
बोटभर रुंदीचा शेवटचा रकाना : इतर.

रात्री उसाच्या ट्रॉल्या. एकीला एक जोडलेल्या,
मागं ना दिवा ना लाल काच,
अंधाराचाच एक तुकडा सुटून पुढं चालल्यासारखा.
आवाज गेल्यावर रेघ मारायची.
मामू हवा बघायच्या निमित्तानं त्यांना थांबवायचा,
बाहीनं फळीवरची धूळ पुसायचा,
बिस्किटाच्या डब्यातून रेडियमचा तुकडा काढून चिकटवायचा.
पैसे घ्यायचा नाही.
"दिसलं तर पाहिजे ना बाबा," एवढंच.

मी विचारलं नव्हतं. तिसऱ्या रात्री त्यानंच सांगितलं,
वळणावरचा लिंब हनुवटीनं दाखवत :
"शकील. नववीला होता.
सायकलीवर माझा डबा घेऊन यायचा."
तेवढ्यात एक ट्रक गेला, तीन आसांचा.
तो माझ्या मोजणीत नाही.

'इतर'मध्ये काय लिहायचं ते साहेबांनी सांगितलं नव्हतं.
म्हणून लिहीत गेलो :
मेंढ्या, अंदाजे दोनशे. कुत्री तीन.
डोक्यावर शेवयांचं यंत्र घेतलेली बाई.
हळदीच्या अंगाचा नवरदेव, मोटारसायकलवर मागं बसलेला
(मोटारसायकलमध्येही धरला आहे).
शाळेची लेकरं, जाताना एकेचाळीस, येताना चाळीस
(एक आत्याकडं राहिलं. विचारून घेतलं).
पहाटे पाच वाजून दहा मिनिटं : मामू, डोक्याला रुमाल,
ह्या बाजूनं त्या बाजूला, मशिदीकडं.

साहेबांनी बेरीज केली.
ट्रक म्हणजे तीन मोटारी. बैलगाडी म्हणजे सहा.
सायकल म्हणजे अर्धी.
'इतर'वर त्यांनी एक तिरकी रेघ ओढली.
चिडून नाही.
ते कशानंही गुणता येत नव्हतं.

मग लिंबांवर पांढरे आकडे पडले, टपरीवर लाल फुली.
"वळण काढणार आहेत ना?" मामू म्हणाला, "मग काढा."
धुळीनं फुली फिक्की झाली तेव्हा
त्यानंच ती गिरवली. सायकलच्या लाल रंगानं.

आता चौपदरी आहे. खोटं कशाला बोलू,
वळण गेलं. तीन वर्षांत त्या जागी कुणी गेलं नाही.
रात्री रस्त्यातच काचेचे डोळे लुकलुकतात.
गंगाखेडला पूर्वी पाऊण तास लागायचा,
आता चहा निवायच्या आत माणूस पोचतो,
अडलेली बाईसुद्धा.
गाव ह्या बाजूला.
शाळा, मशीद, पाण्याची टाकी त्या बाजूला.
वळसा दीड किलोमीटरवर.

परवा एसटीतून गेलो.
दुभाजकात कण्हेर फुललेली, लोखंडी जाळीच्या आत.
टपरी असायची त्या जागेसमोर, अंदाजानं धरलेल्या,
जाळीचे दोन गज वाकलेले.
एक माणूस निघेल एवढे.
डोक्यावर ओझं असेल तर जरा जपून.
तिथं कण्हेर नाही. माती पायांनी गुळगुळीत झालेली.
कुणीतरी उभं होतं, डोक्याला रुमाल,
गाड्यांमध्ये फट कधी पडते ते बघत.
मामू होता की नाही,
ऐंशीच्या वेगात कळत नाही.

मी खिशात पेन चाचपला.
दोरी नव्हती, म्हणून तोही नव्हता.
काचेवरच्या धुळीत मग नखानं
एक उभी रेघ मारली.