बाळ आलंय

शेटलंडच्या पार उत्तरेला, जिथे झाड नावालाही नाही
आणि वारा पटावर नाव असल्यासारखा रोज हजर,
तिथल्या शाळेत मुलं अकरा.
दाराशी गमबूट बावीस,
सगळे काळे, सगळ्यांना चिखल सारखाच.
कुठला रॅस्मीचा, कुठला इंगाचा,
पाय घातल्याशिवाय कळत नाही.

"काही शब्द असेच असतात," हॅलक्रोबाई म्हणाल्या.
फळ्यावर दोन उभ्या रेघा ओढल्या, तीन खण झाले.
पहिल्यात किंग, अंकल, रॅम.
दुसऱ्यात क्वीन, आंट, यू. म्हणजे मेंढी.
तिसरा खण रिकामा.
"आता गमबुटासारखे शब्द द्या मला.
कुणीही पाय घालावा आणि चालू लागावं."

टीचर, इंगा म्हणाली.
कझिन, रॅस्मी म्हणाला, त्याला सव्वीस आहेत.
डॉक्टर. पायलट. नेबर.
थीफ! मागच्या बाकावरून कुणीतरी,
आणि सगळे एर्टीकडे वळून हसले.
कालच्या केकचं प्रकरण अजून मिटलं नव्हतं.

"शाब्बास. थीफसुद्धा.
याला म्हणायचं कॉमन जेंडर.
आत तो आहे की ती, शब्द सांगत नाही.
शब्दाला ते माहीतच नसतं."

लॉरी तेवढा गप्प होता.
त्याची आई गुरुवारपासून लेर्विकच्या इस्पितळात.

साडेदहाला फोन वाजला.
बाईंनी दुसरा कान तळहाताने झाकला.
"हो. हो, लॉरी इथेच आहे. बेबी आलं? आणि काय..."
पुढचं वाऱ्याने नेलं.
फोन मेला तो संध्याकाळपर्यंत.

ही? शी? ही? शी? वर्गभर कालवा.
(त्यांचा ‘ही’ म्हणजे तो, बरं का.
आपली ‘ही’ तिकडे गेली की तिला मिशी फुटते.)
बाई लॉरीकडे बघत राहिल्या क्षणभर,
मग फळ्याशी जाऊन तिसऱ्या खणात लिहिलं:
बेबी.

मधल्या सुट्टीत लॉरी कुंपणापाशी गेला.
पलीकडे रात्री जन्मलेलं कोकरू,
ओलं, चार पायांचा हिशेब न जमलेलं.
त्याला उचलून, उलटं करून
कुणी अजून पाहिलं नव्हतं.
लॅम्ब, तो हळूच म्हणाला.
कोकराला तेवढं पुरलं. त्याने दूध शोधलं.

वहीत त्या दिवशी त्याचं एकच वाक्य:
माझं बेबी आलंय.
"याहून मोठा शब्द हवा?" बाईंनी विचारलं
आणि कोपऱ्यात लिहून दिला, सिब्लिंग.
लॉरीने तो तीनदा वाचला,
तोंडात गोळी फिरवावी तसा.

हे मराठीत सांगताना माझी मात्र पंचाईत.
आपली क्रियापदं पक्की चहाडखोर:
आला म्हटलं की फुटलं, आली म्हटलं की फुटलं.
मिशीवाला हवालदारही ‘ती व्यक्ती’ होतो
आणि कुणाला हसू येत नाही.
पण शोधलं तर आपल्याकडेही आहेत गमबूट:
मूल, लेकरू, पिल्लू, पाखरू,
आणि लॉरीच्या सिब्लिंगला अगदी मापाचा,
भावंड.

चारच्या बोटीने लॉरीचे बाबा आले.
डेकवरून हात हलवत काहीतरी ओरडले.
धक्क्यावर अकराच्या अकरा, कान टवकारून.
वाऱ्याने पुन्हा अर्धंच पोचवलं: "...सारखं नाक!"

कुणाचं नाक, ते नंतर कळलं. बाकीचंही कळलं.
मलाही ठाऊक आहे, पण सांगणार नाही.
बाळ झोपलंय. मूठ आवळलेली आहे. नाक लालबुंद.
तुम्ही तिसऱ्या खणात बसा थोडा वेळ,
ऊब आहे तिथे.

आणि जाता जाता एक गृहपाठ:
इतका वेळ तुमच्याशी बोलतंय कोण, तो की ती?
पुन्हा वाचून बघा.
मी माझे गमबूट दाराशी काढून ठेवलेत.