चार ग्रॅम आणि थोडं

इथे, इथे, आणि मागच्या पानावर इथे.
सही कुठे करायची ते पिरोश्काला
मीच बोट ठेवून दाखवलं होतं.
मिश्कोल्त्सच्या शाखेत तेव्हा गालिचा नवा होता
आणि फ्रँक एकशे पंचावन्न फोरिंटला.
मी म्हणालो, स्विस माणूस घड्याळं करतो,
त्याचं चलन काय भरकटणार?
ती म्हणाली, पण मी फ्रँक कधी पाहिलेला नाही.
मी म्हणालो, पाहायचा नसतोच तो.

त्याच वर्षी पानगळीत न्यूयॉर्कातली एक पेढी बुडाली.
आम्हाला वाटलं, लांब आहे.
मग कळलं, जगात कुठेही कुणाच्या पोटात गोळा आला
की तो पुंजी उचलून झ्युरिकचं दार वाजवतो,
आणि फ्रँक बाळसं धरतो
परक्यांच्या भीतीवर.
बुडापेस्टने एका दिवसात व्याजदर तीन टक्क्यांनी चढवला.
कलत्या भिंतीला काठीचा टेकू.
फोरिंट तरीही उतरतच गेला,
अंधाऱ्या जिन्यात म्हातारा उतरतो तसा,
कठडा चाचपत.

एकसष्ट हजारांचा हप्ता चौऱ्याण्णव झाला.
ती भांडायला आली नाही.
आली असती तर छापील उत्तर तयार होतं:
कलम नऊ, विनिमयाची जोखीम ग्राहकाची.

तिच्याकडे मीच जातो, रोज सकाळी.
अवाश टेकडीखालची बेकरी, पाव तिथलाच चांगला.
काउंटरमागे पाटी: अर्धा किलो, एक किलो, खसखशीचा रोल,
आणि सगळ्यात खाली, खडूने,
आजचा फ्रँक.
विकायला नाही. नुसताच.
गिऱ्हाइकं ती ओळ आधी वाचतात,
मग पाव मागतात. बहुतेक अर्धा.

काल तिचा पुतण्या बाझेलहून आला, ट्रकवर असतो.
त्याने एक नाणं आणलं.
तिने ते माझ्यासमोरच यीस्टच्या काट्यावर ठेवलं.
चार ग्रॅम आणि थोडं.
नाण्यावर एक बाई उभी, भाला, ढाल,
लढतेय कुणाशी ते दिसत नाही.
पिरोश्काने तिला बराच वेळ न्याहाळलं,
पहिल्यांदाच दारात आलेल्या विहिणीला न्याहाळावं तसं.
म्हणाली, एवढीशी?

मला सांगायचं होतं की माझंही घर फ्रँकमध्येच आहे,
त्याच पानांवर, त्याच तीन जागी,
आणि मला दाखवायला बोटही माझंच होतं.
पण मागे रांग होती.
अर्धा द्या, म्हणालो.
तिने कापला, कागदात गुंडाळला.
उद्या दोनशे होईल म्हणतात,
असं मी म्हणालो की ती,
आता नीट आठवत नाही.