साडेनऊ लिटर

कॉम्प्युटरचं घर लिटरमध्ये मोजतात,
हे आमच्यात कुणाला पटलं नाही.
आई म्हणाली, लिटर दुधाला, लिटर रॉकेलला,
पत्र्याच्या डब्याला कसलं आलंय लिटर?

पण जुना कॅबिनेट पंचावन्न लिटरचा होता,
मोरीतल्या निळ्या पिंपापेक्षा मोठा.
एक बाजू काचेची, आत सात पंखे,
रात्रभर रंग बदलत राहायचे
कोपरखैरण्याच्या आमच्या बैठ्या खोलीत,
मांडवाची रोषणाई कुणी उतरवायला विसरल्यासारखे.

महाप्यातली कंपनी चाकणला गेली.
मीही गेलो, सोमवार ते गुरुवार.
तिथे एका खोलीत तिघं,
माझ्या वाट्याला एक पलंग, एक प्लग
आणि खिडकीचा अर्धा कट्टा.
तेवढ्यात मावेल असं करायचं होतं.

शनिवारी वर्तमानपत्र पसरून कॅबिनेट उघडला.
आत धूळ, पण नुसती धूळ नाही.
पात्यांवर उदबत्तीची काळपट साय,
एक वाळकी पाल,
ताईच्या लग्नातली अक्षता, कुंकू अजून लागलेलं.
सात वर्षं आम्ही दोघांनी एकच हवा ओढली.
त्याची जाळी निदान पुसता तरी येते.

मग जोडणी.
सतरा बाय सतराचा मदरबोर्ड, ताटलीएवढा.
वीजपुरवठ्याची पेटी अर्ध्या विटेची.
आणि ग्राफिक्स कार्ड तीन मिलिमीटरनं लांब.
तीन मिलिमीटर!
एक रात्र हातात कानस घेऊन बसलो,
पत्रा घासावा की मन घट्ट करावं.

शेवटी कार्ड कळव्याच्या एका पोरानं नेलं.
उलटंपालटं करत त्यानं विचारलं,
"मायनिंगला वापरलंय का?"
"नाही," म्हटलं, "खेळलोय फक्त."
का कोण जाणे, एवढं सांगताना
आवाज लागला नाही.

नवं लहान कार्ड बोर्डाच्या पाठीला पाठ लावून निजलं.
उरल्या वायरी.
आम्ही सहाजण एका खोलीत झोपायचो तेव्हा
कुणी पाय कुठं करायचे याचा जो करार होता
तोच त्यांना लागू केला.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा तापला, नव्वदच्या पुढं.
व्होल्टेज थोडं उतरवलं. आणखी थोडं.
खेळ तितकाच पळत होता,
पंखा नुसता कुजबुजत होता.
म्हणजे सात वर्षं
जुन्याला मी गरजेपेक्षा जास्तच पाजत आलो.

आबा उंबऱ्याशी बसून सगळं बघत होते.
बत्तीस वर्षं माथाडी,
कांदा-बटाटा मार्केटात ट्रक रिकामे केले.
मानेवर घट्टा आहे,
न्हावी तिथे आला की वस्तरा हलका धरतो.

"आन हिकडं," म्हणाले.
डबा दोन्ही तळव्यांवर घेतला,
जरासा झेलल्यासारखा केला, डोळे मिटले.
"पाच किलो दोनशे. जास्त न्हाय."

कोपऱ्यावरच्या वाण्याकडे काट्यावर ठेवला.
पाच किलो एकशे नव्वद.
वाणी म्हणाला, "काय आहे आत, तूप?"

परत येऊन विचारलं, "आणि जुना किती होता?"
"चौदाच्या वर. आणला त्या दिशी
दोन पायऱ्यांत धापा टाकत हुतास.
म्या काय बोललो न्हाय."

सोमवारी पहाटे बॅग अडकवली.
आबांनी मागून पट्टा ओढून
बोटभर आखूड केला.
"वजन पाठीपासनं लांब ऱ्हायलं की दुप्पट हुतं."
मग डब्यावर एक थाप मारली,
गोणी नीट बसली, आता चल,
असं पुढच्या हमालाला सांगतात तशी.