धडा

सावद्याच्या वजनकाट्यावर मी बसते. साठ टनी काटा.
केळीची गाडी आधी रिकामी येते, मग भरून.
दोन्ही वेळा ड्रायव्हरला खाली उतरवते,
चिठ्ठी छापते, वजा करते.

डिसेंबरात एका रात्री गाड्या नव्हत्या,
सिकंदर तडवीला आत बसवलं
आणि मीच जाऊन उभी राहिले लोखंडी पत्र्यावर.
तो खिडकीतून ओरडला, मॅडम, एकशे तीस!
काटा दहा-दहानेच मोजतो.
दवाखान्यात भरले होते एकशे सव्वीस, वर चारशे ग्रॅम.
मधले साडेतीन किलो कोणाचे,
हा हिशेब अजून लागलेला नाही.

सासूबाई म्हणाल्या, पोट कापायला पैसे कशाले लागता,
कमी जेव.
बामणोदची वांगी भाजली होती त्या दिवशी,
कळण्याची भाकरी चुलीवरून थेट ताटात.
मी अर्धीच घेतली. त्यांनी अर्धी वाढली.

मग फोन. सुरतच्या बाईंनी 'पॅकेज' म्हटलं,
आधीचे-नंतरचे फोटो पाठवले,
दोन्हीकडे एकच साडी, पिना तेवढ्या वाढलेल्या.
नाशिकला मोठी इमारत, लिफ्टमध्ये आरसा,
डॉक्टर माझ्याशी बोलले चार मिनिटं, नवऱ्याशी दहा.
जळगावच्या डॉक्टर फिरके बाई म्हणाल्या,
महिन्याला तीन-चारच करते, घाई असेल तर दुसरीकडे जा.
विचारलं, रात्री दोनला काही झालं तर?
भूल देणारे वरच्या मजल्यावरच राहतात, त्यांचा कुत्रा भुंकेल आधी.
आणि दोन वर्षांनी? केस गळले, चक्कर आली?
तेव्हाही हाच नंबर.
मी तो नंबर काट्याच्या रजिस्टरवर लिहिला,
गाडीच्या नंबरांच्या रांगेत.

पोटाला चिमटा काढून हप्ते भरले होते,
आता त्याच पोटासाठी कंपनी म्हणे,
हा सौंदर्योपचार.
सौंदर्य! झोपेत माझा श्वास तुटतो,
प्रल्हाद उठून बसतो, मोजतो,
अकरा, बारा, तेरा, मग मी घोरले की पडतो.
हे मोजणं कोणत्या रकान्यात बसतं?
फिरके बाईंनी पत्र दिलं, झोपेची तपासणी दिली,
साखरेचे तीन वर्षांचे कागद.
माझ्या अंगाचा एवढा गठ्ठा पहिल्यांदाच कोणी
नीट वाचायला मागत होतं.

आणि एक कलम: तीन वर्षं थांबा.
पॉलिसीची तीन वर्षं भरत होती
आखाजीच्या तिसऱ्या दिवशी.
म्हणजे पुन्हा पाडळशाला माहेरी, निंबाला झोका,
पुन्हा मी दोर धरून पोरींना झोका देणारी.
सात वर्षं झाली, फांदीकडे बघून
मीच म्हणते, तुम्ही बसा वं, मले चक्कर येते.

वैशाखात, दुपारी अडीचला, मोबाईल वाजला.
काट्यावर हरियाणाची गाडी, ड्रायव्हर सावलीत विडी पीत.
मंजूर.
खोलीभाड्याला मर्यादा. स्टेपलरचे पैसे तुमचे.
म्हणजे भिशी उचलावी लागणार, सासूबाईंना सांगावं लागणार,
तेही आजच.

मी आकड्याकडे बघत बसले.
लहानपणी वडील तराजूत आधी रिकामं भांडं ठेवायचे,
दुसऱ्या पारड्यात खडे टाकून धडा करायचे,
म्हणायचे, भांड्याचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये.
शाळेत धडा म्हणजे वेगळंच शिकवलं.

बाहेरून हॉर्न. ओ मॅडम, पर्ची!
मी खिडकी उघडली.
आधी क्लीनरला उतरव, म्हटलं,
तो अजून केबिनमध्येच झोपलाय.