तीन पायांचा दिवा

एलईडीला दोन पाय. एक लांब, एक आखूड,
उभा केला की लंगडतो, आमच्या पेत्रोसारखा.
लागतं फार थोडं: एक रेझिस्टर, दोन पेन्सिल सेल.
उलटा लावला तर रुसून बसतो,
सुलटा केला की काही झालंच नाही अशा थाटात पेटतो.
अकरा वर्षं तो या बंदुकीत होता.
बंदूक म्हणजे दारकानं टाकून दिलेला हेअर ड्रायर,
वर चंदेरी रंग, तोंडाशी चहाची गाळणी.

दर फेब्रुवारीत, सास्काटूनच्या आमच्या चर्चखालच्या हॉलमध्ये,
मुलांच्या नाटकात कोणीतरी मंगळावरून येतं,
बंदूक रोखतं,
आणि नळी लाल होते, सगळीकडून, निखाऱ्यासारखी.

यंदाचा मंगळवासी ओस्ताप, वय नऊ.
म्हणाला, "ही मारत नाही. नुसती लाजते."

म्हणून लेझर.
टपालानं आला, फोमच्या तुकड्यात टोचलेला,
वाटाण्याएवढा, तीन पायांचा.
सोबत चिठ्ठी: हात लावण्याआधी स्वतःला जमिनीशी जोडून घ्या.

पोटॅशच्या खाणीत, किलोमीटरभर खाली,
तेहतीस वर्षं मी जमिनीशी जोडलेलाच होतो.
आता वर आहे. बाहेर उणे चौतीस,
हवा इतकी कोरडी की मांजराला हात लावला तर ठिणगी,
आणि ते बघतं, मी त्याची उधारी बुडवल्यासारखं.
लोकरी स्वेटर काढला. गालिचा गुंडाळला.
बनियनवर बसलो, मनगटाला तार,
तारेचं दुसरं टोक पाण्याच्या नळाला.
दारका जिन्यावरून म्हणाली,
"कुठे पळून जाणार होतास?"

पहिला मेला.
आवाज नाही, धूर नाही.
जुनाच रेझिस्टर ठेवला होता, म्हटलं चालतंय.
चाललं, पातं लवतं तेवढा वेळ.
पण मेला तरी विझला नाही तो:
फिकट, पसरट, कुठेच न पोचणारा लाल.
म्हणजे लेझर मरतो तेव्हा त्याचा एलईडी होतो.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
बराच वेळ तसाच चालू ठेवला.

दुसऱ्याला वेगळी पाटी, करंट औषधासारखा मोजून देणारी,
पितळेचं घर, समोर आट्यांचं भिंग.
श्वास रोखून डाग दिला.
बटण.
नळीत अंधार.
ठिपका थेट पलीकडच्या भिंतीवर,
बीटच्या बरण्यांच्या जरा वर, टाचणीच्या डोक्याएवढा.
मग मधल्या नऊ पावलांत उजेड होता कुठे?
पिठाची चाळणी झटकली तेव्हा दिसला,
कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताठ.
वाटलं, दाबून ठेवावं आणि कुणाला बोलवू नये.

दारका खाली आली.
सप्टेंबरात तिचा मोतीबिंदू काढला,
तेव्हापासून तिला सगळ्याच्या कडा दिसतात, माझ्यासुद्धा.
"नाटकात समोर कोण असतं?"
"झोर्याना. पृथ्वीची वकील. सहा वर्षांची."
"आणि ती नळीत बघते?"

कुठलं पोर बघत नाही.

जुना परत लावला.
काढताना त्याचा लांब पाय तुटला होता,
आता दोन्ही सारखे, लंगडणं गेलं,
आणि अधिक कोणता, उणा कोणता तेही गेलं.
एका बाजूनं रुसला. दुसऱ्या बाजूनं नाही.
लेझर फळीवर ठेवलाय,
बरण्यांची रांग सरळ आहे का ते बघायला.
नाही.

नाटकात ओस्तापनं बंदूक रोखली,
ती लाजली.
झोर्यानानं पडायचं होतं.
ती पुढे आली, गाळणीला डोळा लावला,
सगळा हॉल थांबला,
आणि तिनं विचारलं, नाटकात नव्हतं ते,
"आत कोणी राहतं का?"