दहाला जोडी

बुधवारी गंगेवर बाजार भरतो.
मेथीच्या जुड्या संपल्या की चाळण्या, किसण्या,
मग शकीलाबीची निळी ताडपत्री.
पुठ्ठ्याला टोचलेली कानातली, दहाला जोडी.
मी उकिडवी बसून निवडते
तीच, जी कुणी घेत नाही:
एका पाकळीतला खडा गेलेला,
दुसरीत खड्याच्या कडेने
गोंदाचा थेंब बाहेर येऊन पिवळा पडलेला,
साच्याची शिवण देठावर तशीच.

घरी भिंगाखाली धरते. वहीत मापं:
थेंब दीड मिलिमीटर, शिवण केसाएवढी.
कुणाला तरी दिवसात हजार पाकळ्या चिकटवायच्या होत्या
आणि इथे बोट जरा जास्त दाबलं गेलं.
ती घाई मला हवी आहे. चांदीत.

सराफ बाजारात, जिना चढून वर,
विसपुतेमामा चष्मा कपाळावर ढकलतात.
"हे बुजवून देतो, ताई."
नका बुजवू.
"डाग दिसेल."
दिसू दे, तोच घडवायचाय.
ते फुंकणीचं तोंड शर्टाला पुसत राहतात.
"चाळीस वर्षं कानस चालवली,
जोड दिसू नये म्हणून."
तरी करून देतात. तिसऱ्या खेपेला जमतं.
पहिले दोन थेंब फार गोल आले होते,
फार शहाणे.

पुढच्या बुधवारी शकीलाबीने जोडी तळहातावर तोलली.
"केवढ्याला?"
चार हजार आठशे, मी पुटपुटले.
ती हसली नाही. उलटून पाठ पाहिली,
थेंबावरून अंगठा फिरवला, ओळखला.
"मंग हे हरवलं तर पोरगी रडंल."
तेवढ्यात गणवेशातली एक मुलगी आली,
एका कानात फूल, दुसरा कान रिकामा,
दहाची नोट पुढे करून म्हणाली, पुन्हा पडलं,
आणि खो खो हसत सुटली.

मी परत निघाले, भांडी बाजारातून, पायीच.
आठवीत माझ्या पाळीवर हिरवा डाग उठायचा,
दोन दिवस साबणाने घासूनही न जाणारा.
चांदी नुसती काळी पडते.
आजोळी दागिन्यालासुद्धा डागच म्हणायचे.
तो हिरवा कसा आणायचा,
विसपुतेमामांना विचारायला हवं.
रागावतील.